पुढचे पद, कुठलेही पद

सातारा-सांगलीकडच्या पाचवीतल्या कुठल्याही चुणचुणीत मुलाला '२, ४, ८, ?' असे विचारा. प्रश्न पुरा व्हायच्या आत 'सोळा' म्हणून उत्तर येते. शिष्यवृत्तीच्या तयारीत त्याने अशा संख्यामालिका इतक्या सोडवलेल्या असतात की पेन्सिल उचलायचीही गरज पडत नाही. आता त्याच मुलाच्या हातात खडू आणि एक बांगडी द्या. बांगडीभोवती खडू फिरवून फरशीवर वर्तुळ काढले की फरशीचे दोन भाग होतात, एक आतला आणि एक बाहेरचा. दुसरे वर्तुळ पहिल्याला छेदून काढले की चार भाग. तिसरे त्या दोघांना छेदून काढले की आठ. चौथे काढल्यावर किती? मूल सोळा म्हणून मोकळे होते आणि मग मोजायला बसते. चौदाच भरतात. ते वर्तुळ पुसते, बांगडी थोडी सरकवून पुन्हा काढते, मोठी बांगडी मागून आणते. चौदाच्या वर काही केल्या जात नाही.

कारण शोधणे अवघड नाही. चौथे वर्तुळ आधीच्या तिघांपैकी प्रत्येकाला जास्तीत जास्त दोन ठिकाणी छेदणार. म्हणजे सहा छेदबिंदू झाले. त्या सहा बिंदूंनी चौथ्या वर्तुळाचे सहा तुकडे पडले आणि प्रत्येक तुकड्याने एकेका जुन्या भागाची फाळणी केली. आठात सहाची भर, चौदा. पाचव्या वर्तुळाला आठची भर पडेल, म्हणजे बावीस. इथवर आलेले मूल विसाव्या वर्तुळाला किती भर पडेल तेही सांगते, आणि त्यासाठी त्याला वीस वर्तुळे काढावी लागत नाहीत.

परीक्षेतले सोळा चूक आहे असे मला म्हणायचे नाही. प्रश्न काढणाऱ्याच्या मनात दुप्पट होती, मुलाने ती ओळखली, गुण मिळाले. पण दुसऱ्याच्या मनातले ओळखणे हे एक कसब झाले. संख्या कशातून निपजल्या ते पाहणे आणि त्यावरून दहावे, शंभरावे, कुठलेही पद काय असेल ते कारणासकट सांगणे हे दुसरे. बीजगणिताची सुरुवात या दुसऱ्या कसबातून होते. आपल्या प्राथमिक शाळांत पहिल्याची तालीम भरपूर चालते, दुसऱ्याची जवळजवळ नाही. आणि दुसऱ्याला लागणारे साहित्य तर या दोन जिल्ह्यांत गावोगाव पडले आहे. पहिली ते पाचवीच्या शिक्षकांसाठी लिहिलेल्या पुढच्या पानांमागे एवढेच म्हणणे आहे.

'बीजगणित' आणि 'दुसरीचा वर्ग' हे शब्द एका वाक्यात आले की पालकांच्या पोटात गोळा येतो. सातवीतल्या बैजिक राशी दुसरीत आणायच्या आणि पोरांचे बालपण नासवायचे, असा त्यांचा समज होतो, आणि शिकवणीवर्गांच्या जाहिराती पाहता तो अगदीच निराधार म्हणता येत नाही. पण गेल्या चाळीसेक वर्षांत जगभर जे संशोधन 'प्रारंभिक बीजगणित' या नावाखाली उभे राहिले, त्याचा अक्षरे लवकर आणण्याशी फारसा संबंध नाही. लहान मूल बेरीज-वजाबाकी करताना 'हे नेहमीच असे होणार का?' असे विचारते, त्या क्षणाचे काय करायचे, हा या क्षेत्राचा मुख्य प्रश्न आहे. आज बहुतेक वर्गांत त्या क्षणाचे काहीच होत नाही. गुरुजी 'हो' म्हणतात आणि पुढचे उदाहरण घेतात.

आपल्या परंपरेला हा प्रश्न परका नाही. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'लीलावती' आणि 'बीजगणित' असे दोन वेगळे ग्रंथ केले, आणि दुसऱ्यात अज्ञात संख्यांना रंगांची नावे दिली. पहिली अज्ञात राशी 'यावत्तावत्', मग कालक, नीलक, पीतक, लोहितक. लिहिताना नुसते या, का, नी, पी, लो. काळी, निळी, पिवळी, तांबडी संख्या! आज एखाद्या बाईंनी तिसरीच्या वर्गात 'निळ्या डबीत किती खडे आहेत ते मला माहीत नाही' असे म्हणून गणित सुरू केले, तर त्यांनी काही परदेशी पद्धत आणली असे समजू नये. पुढे १५४५ च्या सुमारास कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी लीलावतीवर 'बुद्धिविलासिनी' ही टीका लिहिली, आणि तिचे मोठेपण असे की रीत सांगून ती थांबत नाही, ती रीत का चालते याची उपपत्तीही देते. मधल्या काळात आपल्या शाळांनी रीत तेवढी ठेवली आणि उपपत्ती सोडून दिली.

आता जवळचा इतिहास. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये ती साताऱ्यात आणली आणि १९३५ मध्ये खेड्यातल्या प्राथमिक शिक्षकांसाठी साताऱ्यातच सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू केले. खेड्यातल्या शाळेला आधी शिक्षक घडवावा लागतो, ही जाण या भागात जुनी आहे. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी उभ्या केलेल्या प्रगत शिक्षण संस्थेने आणि तिच्या कमला निंबकर बालभवनाने वाचन-लेखनाच्या बाबतीत जे करून दाखवले ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. आणि गेल्या दशकात सातारा तालुक्यातले कुमठे बीट. तिथल्या जिल्हा परिषदेच्या साध्या शाळांत विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि त्यांच्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादाचे काम इतके नेटाने केले की ते बघायला राज्यभरातून हजारो शिक्षक आले. २०१५ मध्ये सरकारने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' जाहीर केला तेव्हा कुमठ्याचे नाव शिक्षकांच्या तोंडी होतेच.

त्यानंतर रंगवलेल्या फरश्या, काड्यांचे गठ्ठे, मणिमाळा, बाटल्यांची बुचे हे सगळे गावोगाव पसरले. एक तक्रार मात्र करावीशी वाटते. फरशीवर संख्या आल्या, पण फरशीवरून उठणारे प्रश्न सगळीकडे आले नाहीत. काड्यांचा गठ्ठा दशक-एकक समजावण्यापुरता वापरायचा आणि समजले की कपाटात ठेवायचा, असे अनेक ठिकाणी होते. त्याच गठ्ठ्यांचे पुढे काय करता येते याचा एक नमुना इथे सावकाश देतो, कारण या क्षेत्राची चव त्यात नीट लागते.

दोन अंकी संख्या घ्या, तिचे अंक उलटवा आणि मोठीतून लहान वजा करा. ७३ वजा ३७, उत्तर ३६. ४१ वजा १४, सत्तावीस. ५२ वजा २५, पुन्हा सत्तावीस. ८५ वजा ५८, परत सत्तावीस. तिसरीच्या वर्गाने वीस-पंचवीस उदाहरणे केली की फळा भरतो आणि कुजबुज सुरू होते. कोणी म्हणते, सगळी उत्तरे नवाच्या पाढ्यातली आहेत. कोणी म्हणते, अंकांत तीनचा फरक असला की सत्तावीसच येतात. इथे शिक्षकाने शाबासकी देऊन विषय मिटवायचा नाही. गठ्ठे काढायचे. ७३ म्हणजे सात गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या. ३७ म्हणजे तीन गठ्ठे आणि सात सुट्या. पहिल्याचे दुसरे करायचे तर चार गठ्ठे द्यावे लागतात आणि चार सुट्या काड्या घ्याव्या लागतात. एक गठ्ठा दिला आणि एक काडी घेतली, की आपल्या नऊ काड्या गेल्या. असे चार वेळा झाले, म्हणून छत्तीस. हे एकदा हाताने केले की ७ आणि ३ मधल्या 'चार'च्या जागी कुठलाही फरक चालतो हे मुलाला दिसते, आणि 'नऊ गुणिले फरक' हे वाक्य ते स्वतःच्या तोंडाने म्हणते. अक्षर एकही आले नाही, तरी सर्व दोन अंकी संख्यांबद्दलचे एक विधान सिद्ध झाले. मग एखादे खट्याळ पोर ३० घेऊन येते. ०३ चालेल का? चालवून पाहा म्हणावे. नियम कुठपर्यंत टिकतो ते पाहणे हेही याच धड्यात येते.

अंकांच्या असल्या उलथापालथीतून आयुष्यभराचे गणित काढणारा माणूस आपल्याच राज्यात प्राथमिक शाळेपासून फार दूर नव्हता. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर नाशिकजवळच्या देवळालीला शाळामास्तर होते. चार अंकी संख्येतले अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहिले की शेवटी ६१७४ येते, हा त्यांचा शोध १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला गेला. २०१९ घेऊन पाहा. ९२१० वजा ०१२९ बरोबर ९०८१, त्यातून ९६२१, त्यातून ८३५२, आणि मग ६१७४. तिथून पुढे हलत नाही. सगळे अंक सारखे असू नयेत, एवढी एकच अट. हयातीत त्यांना 'अंकांशी खेळणारा मास्तर' म्हणून हसणारेही होते. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिले आणि त्यांचे नाव जगभर झाले. कापरेकरांकडून प्राथमिक शिक्षकाने घ्यायची गोष्ट ६१७४ नव्हे, ती पाठ करून काही साधत नाही. घ्यायची ती वजाबाकीच्या कंटाळवाण्या सरावातून प्रश्न काढण्याची खोड. चौथीच्या मुलाने हातच्याच्या वीस वजाबाक्या केल्या तर तो कंटाळतो. त्याच वीस वजाबाक्या ६१७४ च्या पाठलागात होतात आणि कोणाला मोजायचे भानही राहत नाही.

समानतेचा भाग मी वेगळा काढला आहे, कारण तिथे आपली पडझड सर्वांत मोठी आणि सर्वांत कमी लक्षात येणारी आहे. फळ्यावर लिहा: ८ + ४ = □ + ५. फॉकनर, लेव्ही आणि कार्पेंटर या अमेरिकन अभ्यासकांच्या १९९९ सालच्या लेखात सहावीतल्या १४५ मुलांना हा प्रश्न घातल्याची नोंद आहे. त्यांपैकी एकानेही सात लिहिले नाहीत. सगळ्यांनी बारा किंवा सतरा लिहिले. बारा लिहिणाऱ्याला बरोबरचे चिन्ह म्हणजे 'आता बेरीज कर' असा हुकूम वाटतो, पुढच्या पाचाकडे तो बघतच नाही. सतरावाला दिसेल ते सगळे मिळवतो. आपल्या वर्गात हा प्रश्न एकदा जरूर घालून पाहावा, आणि निकाल बघून मुलांवर चिडू नये. पहिलीपासून आपणच प्रत्येक उदाहरणात ते चिन्ह शेवटी आणि त्याच्या उजवीकडे एकच मोकळी जागा ठेवत आलो. उजवीकडे दोन संख्या आणि डावीकडे एक, दोन्हीकडे दोन-दोन, कधी नुसतेच ९ = ९, असे लिहायला पहिलीपासून सुरुवात केली तर रोग मुळातच थांबतो. खर्च शून्य.

तागडी उपयोगी पडते, आणि मार्केट यार्डात इलेक्ट्रॉनिक काटे आले तरी आठवडे बाजारात ती अजून दिसते. तिचा एक धोका सांगून ठेवतो. तागडीवर वजाबाकी नीट दाखवता येत नाही, आणि बेरजेच्या समानतेत रमलेले मूल वजाबाकीत हमखास फसते. २७ + ४८ आणि २८ + ४७ यांत मोठे कोणते, बेरीज न करता सांगा, असे विचारले की तिसरीची मुले थोड्या वेळात म्हणतात, इकडे एक वाढला, तिकडे एक घटला, सारखेच. मग ५३ − २८ आणि ५४ − २७ दिले की त्याच तोऱ्यात 'सारखेच' येते. पहिल्याचे उत्तर पंचवीस आणि दुसऱ्याचे सत्तावीस निघाले की वर्ग गप्प होतो. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात राखी बॅनर्जी आणि के. सुब्रमण्यम यांनी याच अडचणीवर बरेच काम केले. प्रत्येक संख्येकडे तिच्या मागच्या चिन्हासकट एक 'पद' म्हणून पाहायचे, त्याभोवती चौकट काढायची आणि पदांची तुलना करायची, अशी त्यांची दिशा. अंकगणिताकडून बीजगणिताकडे जाताना मुले कुठे अडतात याचा आपल्या देशातला हा मोलाचा अभ्यास आहे आणि तो प्राथमिक शिक्षकांपर्यंत पोचलेला नाही, ही खंत.

आता रांगोळी. ठिपक्यांच्या रांगोळीच्या वहीत 'सात ते चार' असे लिहिलेले असते. मधल्या ओळीत सात ठिपके, मग वर आणि खाली सहा, पाच, चार, प्रत्येक ठिपका आधीच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मधोमध. एकूण ठिपके किती? या प्रश्नाला उत्तर एकच, पण तिथे जायच्या वाटा पुष्कळ. एखादी मुलगी वरच्या तीन ओळींची बेरीज करते, पंधरा, तिची दुप्पट करते आणि मधले सात मिळवते. सदतीस. दुसरी मधला ठिपका धरून कडी मोजते. मध्ये एक, भोवती सहा, त्याभोवती बारा, शेवटच्या कड्यात अठरा. तीही सदतीसवर येते. तिसरा एखादा मधला ठिपका बाजूला ठेवून उरलेल्या रांगोळीचे सहा सारखे वाटे करतो. प्रत्येक वाट्यात एक, दोन, तीन असे सहा ठिपके. सहा सक छत्तीस आणि एक.

या तीन वाटा फळ्यावर शेजारी-शेजारी मांडल्या की खरा धडा सुरू होतो. 'तीन ते दोन'च्या रांगोळीत सात ठिपके, 'पाच ते तीन'मध्ये एकोणीस, 'सात ते चार'मध्ये सदतीस, 'नऊ ते पाच'मध्ये एकसष्ट. फरक बारा, अठरा, चोवीस. सहाच्या पाढ्यातले का? कडी मोजणाऱ्या मुलीला ताबडतोब कळते, कारण प्रत्येक कड्याला सहा बाजू आहेत आणि कडे बाहेर गेले की प्रत्येक बाजू एका ठिपक्याने वाढते. आणि दारात 'एकवीस ते अकरा'ची रांगोळी काढायची असेल तर? वाटे करणारा मुलगा म्हणतो, एकापासून दहापर्यंत बेरीज पंचावन्न, सहा वाटे तीनशे तीस, मधला एक, तीनशे एकतीस. ओळी मोजणारी मुलगी पडताळा पाहते, अकरापासून वीसपर्यंत एकशे पंचावन्न, दुप्पट तीनशे दहा, मधले एकवीस. जुळले. एकाच रांगोळीवर तीन बैजिक राशी उभ्या राहिल्या आणि त्या समान का आहेत हे सगळ्यांना दिसले. आठवीत जाऊन अक्षरांत लिहिले तर हेच सर्वसमीकरण होते.

शिक्षकांसाठी एक चिमूटभर जास्तीचे. १, ७, १९, ३७ यांची बेरीज करत चला. १, ८, २७, ६४. घनसंख्या! कारण हवे असेल तर ४ × ४ × ४ ठोकळ्यांच्या घनातून कोपऱ्यातला ३ × ३ × ३ चा घन काढून घ्या. उरलेल्या कवचात सदतीस ठोकळे असतात, आणि ते कवच कोपऱ्याच्या रोखाने पाहिले की समोर रांगोळीचा षटकोन दिसतो. हे मुलांना सांगायलाच हवे असे नाही.

पाढ्यांबद्दल थोडक्यात. पाढे पाठ करावेत की नाही या भांडणात मी पडत नाही, करावेत. पण जुन्या अंकलिपीत पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी होती, ती निव्वळ घोकंपट्टी म्हणून टाकून दिली हे बरे झाले नाही. सवायकीत एक सव्वा, दोन अडीच, तीन पावणेचार आणि चौथ्या पायरीला पूर्ण पाच. पुढे आठव्या, बाराव्या पायरीला पुन्हा पूर्ण. औटकीत, म्हणजे साडेतीनच्या पाढ्यात, मात्र दर दुसऱ्या पायरीला पूर्ण संख्या येते. का? हा प्रश्न विचारला की पाढा म्हणजे एक नियम ठरतो, ज्यात आत एक संख्या जाते आणि बाहेर दुसरी येते. फलनाची कल्पना याहून सोपी करता येत नाही.

टाळ्यांचाही असाच उपयोग होतो. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. चार मात्रांची ओळ किती प्रकारे भरता येईल? पाच प्रकारे. पाच मात्रांची आठ प्रकारे. विरहांक आणि पुढे बाराव्या शतकात हेमचंद्र यांनी छंदशास्त्रात हीच मोजणी केली, फिबोनाचीच्या आधी. ओळीचा शेवट एक तर लघूने होतो नाही तर गुरूने, म्हणून आधीच्या दोन संख्यांची बेरीज. तिसरीच्या मुलांना हे टाळीवर समजते.

या दोन जिल्ह्यांत बीजगणित आणखी एका ठिकाणी रोज चालते आणि त्याकडे शाळेची पाठ असते. गळीत हंगाम सुरू झाला की साखर कारखान्यांच्या आसपास ऊसतोड मजुरांच्या खोपी पडतात. बीडकडून येतात, जत-आटपाडी-माणकडूनही येतात. मुकादमाकडून घेतलेली उचल, टनामागचा दर, आजवर किती टन तोडला आणि अजून किती तोडला म्हणजे उचल फिटेल, हा हिशोब खोपीतल्या पोरांच्या कानावर रोज पडतो. आकडे सोयीचे घेऊ. उचल साठ हजार आणि दर टनाला चारशे, तर दीडशे टन. दर पाचशे झाला तर एकशे वीस टन. सहाशे झाला तर शंभर. दर वाढला तसे टन उतरतात, पण दोन्हींचा गुणाकार साठ हजारांवरून ढळत नाही. हे व्यस्त प्रमाण सातवीच्या पुस्तकात येते तेव्हा या मुलांना ते नवीन नसते, फक्त ते आपल्याला येते हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. त्यांची परिस्थिती गोंडस करून दाखवायचा हेतू नाही. हंगामात शाळा बुडते ती बुडतेच.

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात टेरेझिन्या कॅराहर, डेव्हिड कॅराहर आणि आनालुसिया श्लीमान यांनी रस्त्यावर नारळ-फळे विकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला, तो १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. मुले पाचच होती, पण निकाल बोलका आहे. गिऱ्हाइकासमोर त्यांची सुमारे ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. तीच आकडेमोड कागदावर नुसत्या संख्या मांडून दिली तर सुमारे ३७ टक्के. यांतले डेव्हिड कॅराहर आणि श्लीमान पुढे अमेरिकेत तिसरी-चौथीच्या मुलांबरोबर प्रारंभिक बीजगणितावर काम करू लागले, हा योगायोग नव्हे. रस्त्यावरच्या हिशोबात त्यांना संबंधांचे भान दिसले होते, ते वर्गात आणता येते का हे त्यांना पाहायचे होते.

अक्षरे केव्हा आणावीत, यावर या क्षेत्रात एकमत नाही आणि ते असल्याचा आव मी आणणार नाही. रशियात वासिली दाविदोव यांनी अगदी पहिलीत, संख्यांच्याही आधी, लांबी आणि वजनांची तुलना करून त्यांना अक्षरे दिली. ही दोरी त्या दोरीपेक्षा लांब, मग किती तुकडा जोडला म्हणजे सारखी होईल, हे अक्षरांत लिहायचे. त्यांचे निष्कर्ष उत्साहवर्धक आहेत, पण त्यामागे वर्षानुवर्षे तयार केलेले शिक्षक होते. आपल्याकडे बालभारतीच्या पाचवीच्या गणितात 'बीजगणिताची पूर्वतयारी' हे प्रकरण आहे, चांगले आहे, पण ते पुस्तकाच्या शेवटी आहे. शेवटच्या प्रकरणाचे मार्चमध्ये काय होते हे प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. एनसीईआरटीने २०२४ मध्ये काढलेल्या सहावीच्या 'गणित प्रकाश'ची सुरुवात मात्र आकृतिबंधांनीच होते. हा क्रम मला जास्त पटतो. माझे मत विचाराल तर दुसरीपर्यंत बोलणे आणि वस्तू, तिसरी-चौथीत चौकट आणि भास्कराचार्यांचे रंग, आणि पाचवीत, मूल लिहून लिहून कंटाळले आणि स्वतःच काही खूण मागू लागले, की अक्षर. 'क' द्या, 'म' द्या. फक्त 'म म्हणजे मोसंबी' करू नका. म म्हणजे मोसंब्यांची संख्या. ही चूक पहिल्या आठवड्यात रुजली की दहावीपर्यंत निघत नाही.

शिष्यवृत्ती, साताऱ्याची सैनिक शाळा, खावली आणि पलूसची नवोदय विद्यालये यांच्या परीक्षांकडे पाठ फिरवा असे मी कुणाला सांगणार नाही. कोरडवाहू गावातल्या मुलासाठी तो बाहेर पडायचा रस्ता आहे, आणि पहाटे जादा तास घेणाऱ्या शिक्षकांच्या कष्टांना मी नमस्कार करतो. परंतु चार पर्यायांतून एक निवडायच्या प्रश्नपत्रिकेत कारण लिहायला जागा नसते. म्हणून ती जागा वर्गात द्यावी लागते. एक संख्यामालिका सोडवून झाली की आणखी दोनच प्रश्न पुरतात: तिचे शंभरावे पद काय, आणि ही मालिका जिच्यातून येते अशी एखादी वस्तू किंवा गोष्ट सांगता येईल का. पाच मिनिटे जास्त जातात. या पाच मिनिटांमुळे गुण कमी झाल्याचे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

पुढच्या पानांतली सगळी उदाहरणे दोन शिक्षकी शाळा डोळ्यांसमोर ठेवून निवडली आहेत, जिथे पहिली-दुसरी एका खोलीत आणि तिसरी-चौथी दुसऱ्या खोलीत बसते. म्हणून प्रत्येक पाठात एकच प्रश्न आहे आणि तो इयत्तेप्रमाणे लहान-मोठा करता येतो. रांगोळीत पहिलीची मुले ठिपके मोजतील, दुसरीची ओळींची बेरीज करतील, चौथीची न काढलेल्या रांगोळीबद्दल बोलतील. हंगामात मध्येच दाखल झालेल्या मुलालाही कुठल्याही दिवशी यात शिरता यावे, म्हणून पाठ एकमेकांवर फारसे अवलंबून ठेवलेले नाहीत. अपवाद दोन. बरोबरच्या चिन्हाचा पाठ कुठल्याही इयत्तेने वगळू नये, आणि गठ्ठ्यांनी अंक उलटवण्याचा पाठ झाल्याशिवाय कापरेकरांच्या वजाबाक्यांकडे जाऊ नये. बाकी कुठूनही सुरुवात केली तरी चालेल. बांगड्या मात्र काचेच्या घेऊ नका.